सुरमईचे पैसे

पैज माझ्याच तोंडून निघाली, हे आधीच कबूल करून टाकते. डोंबिवलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आम्ही दोघं सकाळचा चहा पीत होतो. सोसायटीने मेंटेनन्स वाढवल्याची नोटीस नवऱ्याच्या हातात होती, आणि आमचे हे नेहमीचं रडगाणं गात होते. गावाला असतो तर हा खर्च नसता. गावाला पाणी विहिरीचं, नारळ झाडाचे, मासे दारात. गावाला माणसाला लागतंच काय? चौतीस वर्षं हे ऐकत आले होते मी. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एवढं स्वस्त आहे ना तुमचं गाव? मग चला, सहा महिने राहूनच बघू. इथे महिन्याला चाळीस हजार लागतात. तिथे वीस हजारांत भागवून दाखवा. भागलं तर हा फ्लॅट खुशाल विका, मी चकार शब्द काढणार नाही. नाही भागलं तर मुकाट्याने परत यायचं, आणि पुन्हा गावाचं नाव काढायचं नाही."

हे कप खाली न ठेवताच म्हणाले, "ठरलं."

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. कसले विसरतात! त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावर जाऊन आले. तिथल्या शेजाऱ्यांना त्यांच्या मुलासाठी आमचा फ्लॅट कधीपासून हवाच होता. त्यांना सांगितलं, अक्षय्य तृतीयेला काय ते पक्कं कळवतो. पुण्याला मुलीला फोन केला. तिने मला वेगळा फोन करून विचारलं, "आई, तू बरी आहेस ना?" काय सांगणार तिला? जिभेला हाड नाही माझ्या, एवढंच.

खरी गोष्ट वेगळीच होती. त्याच वर्षी आषाढात यांच्या छातीत स्टेंट बसला होता. रविवारी दुपारी जेवता जेवता घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, आणि मी जशी होते तशी, गाऊनवर ओढणी टाकून, यांना रिक्षात घातलं. नाक्यापलीकडचं हॉस्पिटल आठ मिनिटांवर. डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेत आणलंत. ती आठ मिनिटं माझ्या डोक्यात जी बसली ती बसलीच. हे गाव गाव करायला लागले की माझ्या मनात एकच यायचं, तिथे काही झालं तर किती मिनिटं? पण ते सरळ बोलायची मला भीती वाटायची. बोललं की घडतं असं वाटायचं. म्हणून मी भांडत राहिले मेंटेनन्सवर आणि टोमॅटोवर.

दिवाळी झाली आणि आम्ही आलो. आचऱ्याच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं चिऱ्याचं घर. सासू-सासरे गेल्यापासून बंदच होतं, मे महिन्यात आठ दिवस उघडायचं तेवढंच. घाट उतरला तसं यांचं बोलणंही बदललं. डोंबिवलीत बँकेच्या साहेबाशी बोलावं तसं बोलणारा माणूस कणकवलीला चहाच्या टपरीवर उतरला आणि "दोन चाय दी रे, साखर वायच कमी" म्हणून मोकळा झाला. मी लालबागला जन्मलेली. मालवणी समजते सगळं, पण माझ्या तोंडून बाहेर पडताना त्याचं काहीतरी होतं, त्यामुळे मी आपली पुस्तकातलं बोलते.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की गाव काही यांनी सांगितलं तेवढं स्वस्त नाही. नारळ झाडावर असतात हे खरं, पण झाडावर चढणारा माणूस पंधरा दिवस हाती लागत नाही आणि आला की झाडामागे पैसे घेतो. भाजी येते घाटावरून, कोल्हापूर-बेळगावच्या ट्रकने. टोमॅटो डोंबिवलीपेक्षा महाग आणि वर रस्त्यात आपटून मऊ झालेला. विजेचा दाब एवढा कमी-जास्त की पहिल्या आठवड्यात मिक्सर जळाला. देवळाची वर्गणी, दशावताराची वर्गणी, जत्रेची वर्गणी. कोणाच्या घरी बारसं, कोणाच्या घरी बारावं, हात हलवत जाता येत नाही. आणि एक पनीरचं पाकीट हवं झालं तरी मालवण.

मी हे सगळं यांना ऐकवायचे. हे हसायचे. "गो, पनीर कित्याक व्हया तुका? कुळीथ आसत ना!"

पण यांचं नशीब, यांना रापण सापडली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. पहाटे होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धा फेरा मारून परत येते, आणि मग जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून वीस-वीस माणसं मागे मागे सरकत ते ओढत आणतात. तास जातो, कधी दोन तास. जाळं वाळूत आलं की मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. नियम साधा आहे: दोरीला हात लावला त्याला वाटा. मग तो कोणी असो, पाहुणा असो, पेन्शनर असो. यांनी लहानपणी वडिलांबरोबर ओढलेली रापण. दुसऱ्याच आठवड्यात पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिले दोरीला. नऊ वाजता पिशवीभर बांगडे घेऊन घरी आले, आणि चेहरा असा की जणू समुद्रच विकत घेतला.

"सांग, ह्या बांगड्यांचे डोंबिवलीत किती घेतले असते?"

"मेल्या बांगड्यांचं कौतुक! एवढं ओढायला डॉक्टरांनी सांगितलंय का तुम्हाला?"

"डॉक्टरानच सांगल्यान, व्यायाम करा."

चालायला सांगितलं होतं, दोरी ओढायला नाही. पण काय करता? चौतीस वर्षं ड्रिल मशीनसमोर उभं राहिलेला माणूस पहिल्यांदा असा हसत होता. मी गप्प बसले. आता वाटतं, तेव्हाच पाय आपटायला हवे होते.

महिन्याच्या शेवटी हे कॅलेंडरच्या मागे बेरीज करायचे. पहिल्या महिन्यात खर्च आला साडेएकोणीस. वीसच्या आत! गोळ्या-औषधांसकट. हे मुलीला फोनवर सांगत होते, तिकडून ती "वा बाबा, वा!" करत होती, आणि मी बोटांवर महिने मोजत होते. कारण असंच चाललं तर अक्षय्य तृतीयेला फ्लॅट जाणार. आणि फ्लॅट गेला की ती आठ मिनिटं गेली, ती पुन्हा कुठूनही विकत मिळायची नाहीत. मग मी एक गोष्ट केली. ती मी तेव्हा कोणाला सांगितली नाही, मुलीलासुद्धा नाही.

मी खर्च वाढवायला लागले.

सुरुवात सुरमईने केली. मालवणातल्या हॉटेलवाल्यांमुळे आणि पर्यटकांमुळे सुरमईचा भाव इथे मुंबईलाही लाजवेल असा. कोळीण दारात आली की मी हटकून सुरमई घ्यायची. घरात बांगडे असले तरी. मग मालवणला जायचं झालं तर एसटीसाठी न थांबता स्पेशल रिक्षा करायची. "माझे गुडघे दुखतात हो, स्टँडवर उभं राहवत नाही." घरचं खोबरेल असताना बाजारातली बाटली आणायची. मनाला सांगायचे, मी काही चोरी करत नाहीये. खाते आहे, फिरते आहे. गावात राहायचं तर माणसासारखं राहायचं. आणि हे बघायचे, पैसे काढून द्यायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. उलट ताटात सुरमईचा मधला तुकडा माझ्याकडे सरकवायचे. मला त्यांचा राग यायचा. एवढी सुरमई येते, तरी माणसाला कळत कसं नाही?

दुसऱ्या महिन्याला मी वाट बघत बसले. आता एकवीस तरी नक्की. बेरीज आली एकोणीस हजार नऊशे.

तिसऱ्या महिन्यालाही तेच. चौथ्यालाही वीसच्या आत. मला कळेना. मी सुरमई खाऊन खाऊन कंटाळले, रिक्षावाला मला दुरून बघून थांबायला लागला, आणि यांची बेरीज वीसच्या वर जायचं नाव घेईना. मी तीनदा पुन्हा केली ती नुसत्या आकड्यांची बेरीज. बरोबर होती. मला वाटलं, हे चहा-बिडीवर काटकसर करत असतील. बिडी कधीच सुटली होती. चहा तर बिनसाखरेचा.

शिमग्याच्या आधीचा आठवडा असेल. यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. एरवी हेच मालवणला जाऊन आणायचे, पण त्या दिवशी बातमी आली होती की किनाऱ्याला मासळी लागलीय, रापण दोनदा पडणार. हे उजाडताच गेले. मी म्हटलं, मी आणते गोळ्या, मला तसंही जायचंय. एसटीने गेले त्या दिवशी. का कोण जाणे, लाज वाटली असेल रिक्षाची.

औषधाच्या दुकानात मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. दुकानदाराने दोन पट्ट्या काढून ठेवल्या, मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "वहिनी, ही मोठी गोळी डॉक्टरांनी बंद केली काय? दादांनी तीन म्हयने ती नेलेली नाय."

"कुठली मोठी?"

"ही. रक्त पातळ करता ती. महाग आसा म्हणान विचारतंय. ती तर स्टेंट घातल्यावर वर्षभर तरी बंद करूची नसता."

त्या गोळीचे महिन्याला सतराशे रुपये व्हायचे. डोंबिवलीत इमारतीखालचा दुकानदार सूट द्यायचा, इथे तीही नव्हती. सतराशे. मला मोजायला कागद लागला नाही. चार वेळची सुरमई, तीन वेळची स्पेशल रिक्षा, खोबरेलाची बाटली. इकडे तिकडे दोन-चारशे. मी महिन्याला जेवढे वर चढवत होते, तेवढेच हे छातीतून कापत होते.

आणि त्याच वेळी तो माणूस किनाऱ्यावर दोरी ओढत होता.

गोळ्या घेतल्या की नाही आठवत नाही. घेतल्या असणार, कारण नंतर त्या पिशवीत होत्या. यांना फोन लावला, पण रापणीला जाताना फोन घरी ठेवतात, वाळू जाते म्हणून. घरात तो एकटाच वाजत राहिला. बाहेर आले तर माझा तो नेहमीचा रिक्षावाला समोरच. "वयनी, स्पेशल?" त्याने हसत विचारलं. मी म्हटलं, "जितक्या जोरात जाता येईल तितकं चला." त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

कोळंबच्या पुलावर एक टेम्पो आडवा घालून कोणीतरी बर्फ उतरवत होतं. मी रिक्षातूनच ओरडले, "बाजूला घ्या हो, माणूस मरतंय तिथे!" माझ्याच तोंडचं ते वाक्य ऐकून मला धडकी भरली. शेवटी बोललेच होते मी ते. घड्याळात बघत होते. दहा मिनिटं, बारा, सतरा. दोन्ही बाजूंना काजूला मोहोर आला होता, रस्त्यावर शिमग्याची पोरं वर्गणीसाठी दोरी धरून उभी होती, रिक्षावाल्याने हॉर्न न सोडता त्यातून वाट काढली. एकतीस मिनिटं लागली. एकतीस मिनिटांत डोंबिवलीत चार वेळा हॉस्पिटल गाठून झालं असतं.

चपला हातात घेऊन मी वाळूत धावले. या वयात, या गुडघ्यांनी. गुडघे दुखत नव्हते मुळीच, त्यांनी कधी दुखायचं काम केलंच नव्हतं. दुसरी रापण अर्धी बाहेर आली होती. हे उत्तरेकडच्या दोरीवर, शेवटून तिसरे. शर्ट अंगाला चिकटलेला. ओठ मला बरे दिसले नाहीत.

"सोडा ती दोरी!"

दोन्ही दोऱ्यांवरच्या सगळ्या माणसांनी वळून बघितलं. यांनी दोरी सोडली नाही. "गो, काय झाला? जाळा येव दे भायर."

मी जाऊन यांच्या हातापुढे दोरीला हात घातला आणि ती खेचली. आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत, मी यांना अरेतुरे केलं. "गोळी कधी बंद केलीस? सांग! कधीपासून?"

हे वाळूकडे बघत म्हणाले, "मार्गशीर्षापासून." आणि खाली बसले. बसताना डावा हात छातीवर गेला. मी विचारलं, "दुखतंय?" म्हणाले, "वायच."

"कधीपासून?"

"चार दिस झाले."

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. दोघांनी यांना उचललं, रिक्षाकडे न्यायला लागले. रापणीचा म्होरक्या, सत्तरीचा काटक म्हातारा, माझ्या समोर उभा राहून काहीतरी सांगत होता. मला ऐकूच येत नव्हतं. शेवटी त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. तेव्हा कळलं की मी दोरी धरून उभी होते, गच्च, तळवे सोलवटेपर्यंत. "सोडा आता, वयनी," तो म्हणत होता, "आमी वढतो. तुमी जावा."

मालवणच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, एक गोळी जिभेखाली ठेवायला दिली, चार गोळ्या गिळायला लावल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथे थांबवू नका, गोव्याला न्या. मी तिथे फोन करतो." मी विचारलं, किती वेळ लागेल? ते म्हणाले, "दोन तास धरा. रस्ता मोकळा असेल तर." ते प्रमाण मराठीत बोलत होते, त्यामुळे ते जास्तच खरं वाटलं.

दोन तास. तीन महिने ज्या आकड्याच्या भीतीने मी सुरमई खात होते, तो आकडा हा.

रुग्णवाहिका निघाली. हे आडवे, नळी लावलेली, तोंडावर मास्क. मी शेजारच्या बाकड्यावर. वाटेतल्या कट्टा गावच्या बाजारात गर्दी होती, एसटी वळत होती, तिथेच पाच मिनिटं गेली. कुडाळनंतर हायवे लागला तेव्हा मी पहिल्यांदा श्वास सोडला. यांचे डोळे मिटलेले होते. मी दर दोन मिनिटांनी हाक मारायची. हे हूं म्हणायचे. एकदा म्हणाले नाहीत, तर मी यांच्या खांद्याला चिमटा काढला. "आवशीक खाव! जित्तो आसंय मी," अशी मालवणी शिवी मास्कच्या आतून आली. रडू की हसू कळेना मला.

गोव्याच्या हद्दीवर, बांद्याच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. सायरन वाजत होता, ड्रायव्हर बाहेर डोकं काढून ओरडत होता, आणि आम्ही थांबलो होतो. मला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. उद्या सांगायला माणूस असेल नसेल. मी यांचा हात धरला आणि म्हटलं, "ऐका. ती सुरमई..."

यांनी मास्क जरा बाजूला केला. "सुरमयेचा काय?"

"मी उगाच घ्यायची ती."

"उगाच कशी?" यांना धाप लागत होती, तरी बोलायचं सोडेनात. "डोंबिवलीत कधी हौसेन घेतलंस? सगळी वर्सां बारक्या मासळीवर भागवलंस. हयसर इलंस आणि हात सैल केलंस. रिक्षान फिराक लागलंस. मी म्हटलंय, बायलेक गाव रुचलो. माका इतक्या बरा वाटला गो. तेका आता नको कसा म्हणू? म्हणान ती गोळी... म्हटला, एक गोळी काय, बाकीच्यो घेतंयच मी."

ट्रक हलले. ड्रायव्हरने गाडी उजव्या बाजूने काढली. मी मास्क यांच्या तोंडावर नीट बसवला. बाकीचं सांगायचं राहिलंच. या माणसाने माझा कावा बघितलाच नव्हता. त्याला त्यात आनंद दिसला होता, आणि तो आनंद मोडू नये म्हणून तो स्वतःच्या रक्ताशी खेळला होता.

दोन तास दहा मिनिटांनी आम्ही पोचलो. जुना स्टेंट तुंबायला लागला होता. तो मोकळा केला, शेजारी दुसरा घातला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यांना असं झापलं की हे पोरासारखे मान खाली घालून बसले. मला म्हणाल्या, "आजी, नशीब म्हणा." मला आजी म्हटल्याचा रागसुद्धा आला नाही, यावरून ओळखा माझी अवस्था.

आठव्या दिवशी घरी आलो तर दारात पिशवी. आत साफ करून, मीठ लावून ठेवलेले बांगडे. शेजारणीने सांगितलं, रापणीवाले ठेवून गेले, वाटा आहे. मी म्हटलं, यांचा हात तर मध्येच सुटला, वाटा कसला? ती म्हणाली, "त्यांचो नाय. तुमचो. त्या दिवशी दोरयेक हात होतो ना तुमचो?"

मी ते बांगडे तळले. यांना एक दिला, बिनतेलाचा, तव्यावर भाजून.

अक्षय्य तृतीया आली. हे आता अंगणात पोफळीच्या सावलीपर्यंत चालायचे आणि परत यायचे, रापणीकडे बघायचेही नाहीत. बघायचे नाहीत म्हणजे, न बघण्याकडेच सगळं लक्ष लावून बसायचे. त्या सकाळी डोंबिवलीच्या शेजाऱ्यांचा फोन आला. रिंग वाजत होती आणि हे मला म्हणाले, "सांग तेंका, फ्लॅट विकूचो नाय. मी हरलंय. गोळयेसकट वीस हजारांत भागला नाय ते नाय. पावसाच्या आधी डोंबिवलीक जावया." आणि उठून आत जायला लागले. पाठ इतकी वाकलेली मी हॉस्पिटलातही बघितली नव्हती.

फोन वाजून बंद झाला.

मला काय हवं होतं? हेच तर. घर परत, हॉस्पिटल आठ मिनिटांवर, गावाचं नाव पुन्हा निघणार नाही. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्या एका मिनिटात मी गप्प बसायचा खरंच प्रयत्न केला. नाही जमलं.

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही हरला नाहीत. महाग गोळीसकट साडेएकोणीसात भागत होतं, पहिल्या महिन्यात भागलंच होतं. पुढचं सगळं मी मुद्दाम वाढवलं. मला इथली भीती वाटत होती. हॉस्पिटल लांब म्हणून. फ्लॅट जाऊ नये म्हणून मी सुरमई घेत होते, म्हणून रिक्षा करत होते. गुडघे नाही दुखत माझे. तुमची गोळी मी खाल्ली. मी."

हे दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. ओरडतील असं वाटलं, ओरडायला हवं होतं. मग वळून माझ्याकडे बघत विचारलं, "म्हणजे सुरमय आवडली नाय तुका?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. एवढ्या सगळ्यातून या माणसाला पडलेला प्रश्न हा.

"आवडली हो," मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं, हे मलाही तेव्हाच कळलं. मधला तुकडा माझ्याकडे सरकवलेला, बाहेर समुद्राचा आवाज, समोर हे हसणारे. आवडलंच होतं मला. भीतीपोटी मी ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजायला लागला. मी उचलला आणि शेजाऱ्यांना सांगितलं, फ्लॅट विकायचा नाही, पावसाचे चार महिने आम्ही तिथे असू. पण दसऱ्याला आम्ही परत गावी येणार. हे चौकटीत तसेच उभे होते. मग मी आत जाऊन ती महाग गोळी पट्टीतून काढली, यांच्या तळहातावर ठेवली, आणि घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलले नाही.